होळीला तोंड एक

माघ लागला की आमचे तात्या नसलेली होळी बघायला लागत.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या गावात देवळामागं मोकळा माळ आहे. शिमग्याला होळी तिथंच उभी राहते. तिला महिना-दीड महिना बाकी असायचा, माळावर नुसतं वाळकं गवत, आणि मधोमध तात्या कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून, आभाळात एकाच ठिकाणी टक लावून उभे. मधेच पुटपुटायचे, "जराशी वाशिंदकडं झुकली." मग जागा बदलून पुन्हा बघायचे.

नव्वदच्या आसपास लग्न होऊन मी या गावात आले. मी शहापूरची, तालुक्याच्या गावची, त्यात दहावी झालेली. गावात अक्कल आली ती माझ्याच ट्रंकेतून, अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात डोक्यावर हंडा घेऊन चालले होते, तर हे गृहस्थ वर बघतायत. विमान असेल म्हणून मीही वर बघितलं. पुढं हंड्याचं काय झालं ते सांगायला नको. नवी नवरी नखशिखांत भिजून उभी, आणि तात्या शांतपणे म्हणाले, "सूनबाय, होळीच्या जागंवर उभी हायस. बाजूला हो."

तात्या आमचे शेजारी, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. थोडी भातशेती, दोन बैल आणि एक मुलगा, जनार्दन. बायको लवकर गेलेली. होळी उभी करायचा मान त्यांचा. सावरीचं सरळसोट झाड, शेंड्याला साखरेच्या गाठी, खोबऱ्याच्या वाट्या, पापड. चार बाजूंना चार दोर. देवळाचा, त्याच्या समोर नदीचा, सडकेचा, त्याच्या समोर चिंचेचा. दोरांवर गावातले गडी आणि खाली खड्ड्याशी एकटे तात्या. "नदीचा, खेच! देवळाचा, ढील!" असं ते ओरडत आणि ते अजस्र झाड जनावरासारखं त्यांचं ऐकून उठत असे. दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

त्यांचा कायदा एकच. "होळीला तोंड एक." दोघं सांगायला लागले की दोर गोंधळतात, आणि झाडाखाली माणसं असतात. एका वर्षी सरपंच बोलून गेले, जरा इकडं घ्या. तात्यांनी झाड अर्ध्यावर थांबवलं आणि सरपंच देवळाच्या पुढं जाऊन उभे राहीपर्यंत चारी दोर ताणूनच ठेवले. सरपंच गेले. करतात काय?

पुढं जनार्दन वाशिंदला कारखान्यात लागला आणि बघता बघता बापाचा बाप झाला. शहापूरला डॉक्टरकडे नेऊन तात्यांची साखर तपासून आणली. गोड बंद, विडी बंद. ज्या पोराला कान धरून चिंचेवरून उतरवलं, त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की तात्या विडीचं बंडल माझ्या फडताळात डाळीच्या डब्यामागं ढकलत. म्हणत, "आला बग माझा बाप."

मग दोन हजार साल उलटल्यावर एका शिमग्याला तात्यांचा आवाज फाटला. चिंचेच्या दोराला काही ऐकू गेलं नाही आणि झाड हेलपाटलं. कुणाला लागलं नाही, पण माळावर सगळे पांढरे पडले. पुढच्या माघात जनार्दन माझ्या ओट्यावर, तात्यांसमोर, जमिनीकडं बघत म्हणाला, "तात्या, औंदा मी सांगतो. तुमी बसा."

तात्यांनी पायाच्या अंगठ्यानं ओट्यावर एक रेघ ओढली. मग म्हणाले, "बसतो."

गावात कुणाचा विश्वास बसेना. मी तर पाणवठ्यावर जाहीरच करून टाकलं की पहिला दोर ताणला की म्हातारा खुर्चीतून उडणार. माझ्या तोंडाला तेव्हाही दोर नव्हता.

होळीच्या संध्याकाळी देवळाच्या भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची मांडून तात्यांना बसवलं. शेजारी मी नैवेद्याचं ताट घेऊन. झाड जमिनीवरून सुटलं. जनार्दनचा आवाज आधी जरा कापला, मग लागला. झाड अर्ध्यावर आलं आणि एकदम सडकेकडं कललं. दोरावरच्या प्रत्येक गड्यानं मान वळवून खुर्चीकडं बघितलं. इतक्या वर्षांची सवय. जनार्दननंही बघितलं.

तात्यांनी तोंड उघडलं. आणि माझ्या ताटातली पुरणपोळी उचलून अख्खी आत कोंबली.

मी संतापले. होळी पेटायच्या आधी नैवेद्याची पोळी, वर ही साखर! जनार्दनला सांगतेच म्हणून उठले, तर बघते काय, तात्यांचे गाल फुगलेले, डोळे पाण्यानं भरलेले, आणि ते चावत मात्र नव्हते. उपरण्याची दोन टोकं दोन मुठींत. एक मूठ पांढरी पडेस्तोवर आवळलेली, दुसरी हळूच उघडत होती.

"सडकेचा, ढील," जनार्दन ओरडला. "ढील... ढील... चिंचेचा, खेच!"

तात्यांची मूठ त्याच्या क्षणभर आधी सैल झाली होती. मी गपकन खाली बसले. मला गप्प बसवणं माझ्या सासूलाही जमलं नव्हतं.

झाड सरळ झालं. बुंधा खड्ड्यात बसला तशी पायाखालची जमीन हलली. गावानं बोंब ठोकली, साऱ्या माना वर, शेंड्याला पापड हलतायत. तेव्हा कुठं तात्यांनी चावायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "तात्या, बघा तरी वर. केवढी सरळ उभी राहिली."

"ती मी माघापासून बघतोय," ते म्हणाले. मान काही वर गेली नाही. ते खाली बुंध्याशी बघत होते, जिथं जनार्दन दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून धापा टाकत होता.

"त्याला पानी दे गो," जरा वेळानं म्हणाले. "घसा सुकला असंल. आन् पोळीचं काय बोलू नको."