उल्काच्या तीनशे बारा ओळी

त्या मंगळवारी अनंतरावांनी नेहमीसारखे पोहे भिजवले, कांदा चिरायला घेतला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरनं टिंग केलं.

हे टिंग उल्काचं, त्यांच्या बायकोचं. शब्दकोशाच्या एका अ‍ॅपचा कोड ती लिहायची. त्या कोडमधली एक ओळ जरी कोणी बदलली, तरी तिला मेल यायचा. तिला जाऊन आठ महिने झाले, पण मेलना ते कोणी कळवलं नव्हतं. अनंतराव रोज टिंग ऐकायचे, मेल उघडायचे नाहीत. (उघडून कळणार काय होतं, कपाळ?) त्या दिवशी मात्र कुठून बुद्धी झाली, उघडला.

'स्पृहा यांनी उल्का यांच्या ३१२ ओळी काढल्या.'

खाली सगळ्या ओळी लाल. तीनशे बारा! म्हणजे तिचं तिथे उरलं काय?

तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेला माणूस घाबरला की एकच करतो, लेखी कळवतो. त्यांनी तिथेच उत्तर लिहिलं, 'सदर ओळी परस्पर काढण्यास तीव्र हरकत आहे. सात दिवसांत पूर्ववत कराव्यात.' आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत फोन.

"काका, मी स्पृहा. उल्का मॅमच्या टीममधली." आवाज कापत होता. "काका, मॅमचा मेल आलाय."

"कुणाचा?"

"मॅमचा! एकोणीस जणांना. सात दिवसांची मुदत दिलीय. राकेश तर चहा टाकून जिन्यात जाऊन बसलाय."

अनंतरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग डोक्यात उजेड पडला.

"अगं, तो मी! तिच्याच खात्यातून गेला वाटतं. पण तू ओळी काढल्यास कशाला?"

"काढल्या नाहीत हो! दुसऱ्या फाईलमध्ये हलवल्या. काढल्याचा मेल आधी येतो, ठेवल्याचा मागून."

"आणि तिच्या नावाची नोंद?"

"आहे ना. प्रत्येक ओळीवर त्यांचंच नाव आहे."

अनंतराव स्टुलावर बसले.

"फाईलच्या वर त्यांची एक सूचनापण आहे," स्पृहाला आता हसू आवरत नव्हतं. "'हे चालतंय. कोणी हात लावू नये. अनंतने तर नाहीच.'"

अनंतरावांनी ती सूचना तिला पुन्हा एकदा वाचायला लावली.

"काका, मेलच्या तळाशी 'बंद करा' असं बटण आहे. दाबून टाका, म्हणजे परत त्रास नाही."

"दाबतो की."

एव्हाना पोह्यांचा लगदा झाला होता. तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. बटण दाबायचं अजून राहिलंय.