वाचल्याशिवाय आंगठो नाय

दाजीकाका वेष्टनावरचा मजकूर वाचल्याशिवाय अंगाला साबणसुद्धा लावत नाहीत. मी त्यांच्या दगडी गडग्यापलीकडे राहते, त्यामुळे शपथेवर सांगते. कुणी सही मागितली की ओटीवर बैठक मारायची, चष्मा पुसायचा आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्याने सुरुवात. समोरच्याचा चहा थंड होतो, तरी काका पहिल्याच पानावर. घाई केली की एकच उत्तर, "वाचल्याशिवाय आंगठो नाय!"

हे खानदानी दुखणं आहे. त्यांच्या आजोबांनी न वाचता अंगठा दिला आणि माडांची बाग गेली म्हणे. काका स्वतः मॅट्रिक, अक्षर मोत्यासारखं, पण 'अंगठा' हा शब्द काही तोंडातून जात नाही.

तर फोनवरच्या त्या निरोपांच्या अ‍ॅपने नियम बदलले. शनिवारपर्यंत 'मान्य' दाबा, नाहीतर खातं बंद. आम्ही सगळे डोळे मिटून दाबणार होतो. काकांनी ते नियम वाचून काढले आणि वाडीत बोंब ठोकली, "आमच्या गजाली त्येंका व्हये आसत!" गजाली म्हणजे गप्पा. त्याच नेल्या तर आमच्या मिठबाव गावात उरतं काय? वाडी पेटली. काकांनी सगळ्यांना देवळात जमवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, जो कोण कंपनीवालो आमच्या गजालींका कान लावता, तेका सद्बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. लगेच सगळ्यांनी जुनं अ‍ॅप काढून नवीन घेतलं आणि त्यावरही तीच सुप्रभातची गुलाबाची फुलं धाडायला लागलो.

मग काकांचं काहीतरी बिनसलं. येताजाता "आज खंयचो वार गो?" विचारायचे आणि उत्तर ऐकून चेहरा पाडायचे. फोन हातातून सुटेना. पेज ताटात तशीच राहायला लागली.

"काका, जुनं अजून काढलं नाही?" मी एकदा छेडलं.

त्यांनी फोन छातीशी धरला. "भाईकडे नवीन खंय आसा गो?"

भाई त्यांचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर. काकी गेल्यापासून घरात दोघेच, आणि त्यातला एक दर्यावर. जहाज बंदराला लागलं की जुन्या अ‍ॅपवर त्याचा आवाज येतो, "बाबा, बरो आसंय." आम्ही बहिष्कार घातला तेव्हा जहाज रेंजबाहेर होतं. त्याला कळवणार कोण? पोरगं हाका मारील आणि इकडून कुणी ओ देणार नाही.

मुदतीच्या शनिवारी दुपारी काकांचं दार सताड उघडं, घरात कुणी नाही. मी शोधत देवळापर्यंत गेले. काका देवासमोर बसले होते आणि गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावत होता. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सगळ्या वाडीदेखत गाऱ्हाणं घालून टाकलेला बहिष्कार मोडून 'मान्य' दाबायला त्यांना देवाचा कौल हवा होता.

डावी पडली.

"परत लाव."

"दाजी, देवाक किती येळा इचारतलंस?" गुरव वैतागला.

"उजवो देईपर्यंत मी उठूचंय नाय. देवाचो झील दर्यार नाय, तेका काय कळतला!"

मुलाचा विषय निघाला तसा गुरवाने पाकळ्या भिजवून पुन्हा लावल्या. या वेळी एकही हलेना. आम्ही तिघं टक लावून बघत राहिलो. बाहेर ऊन उतरायला लागलं. काका एकदम उठले, देवापुढे डोकं टेकलं आणि पुटपुटले, "रागाव नको रे म्हाराजा." मग फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर ते लांबलचक नियम अजून उघडेच होते.

"परत एकदा वाचून दाखवू, काका?"

"नको गो बाय," ते म्हणाले. त्यांनी अंगठा सदऱ्याला नीट पुसला. "आंगठो खंय लावचो, तेवढा सांग."