दाब दीडशेच्या वर

सरकारी दवाखान्याच्या तीन नंबरच्या खिडकीवर रक्तदाबाच्या गोळ्या खरोखरच मिळतात, ही गोष्ट खात्याच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली. लक्षात आल्यावर मात्र खात्याने एक दिवस वाया घालवला नाही. समिती नेमली आणि समितीने 'सुलभ औषध अभियान' काढलं. औषध फक्त गरजूंपर्यंतच पोचलं पाहिजे, हे पहिलं कलम. गरजू म्हणजे कोण, हे दुसरं : तपासणीच्या दिवशी ज्याचा दाब दीडशेच्या वर भरेल तो. बाकीच्यांच्या कार्डावर 'गरज नाही' असा शिक्का मारावा. शिक्का जांभळा होता आणि फार सुरेख उठायचा.

तो पहिल्यांदा उठला शिंपीमास्तरांच्या बायकोच्या कार्डावर.

मास्तर चाळीस वर्षं कोट शिवत आले होते आणि बायको चाळीस वर्षं त्या कोटांना काज करत आली होती. दोन वर्षांपूर्वी गोळ्या आठ दिवस चुकल्या, तेव्हा तिच्या डाव्या हातातून कापड निसटलं आणि अर्धा तास तोंडातून धड शब्द फुटेना. नंतर हात परत आला, शब्दही आले. पण डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या खेपेला येतीलच असं नाही. तेव्हापासून मास्तर रोज सकाळी आधी बायकोला गोळी देत आणि मग मशीनला तेल. बाहेरच्या दुकानातली गोळी त्यांना परवडण्यासारखी असती, तर ही हकिगत इथेच संपली असती.

"एकशे अठ्ठावीस! वा, काकू, अगदी तरुण मुलीसारखा!" असं म्हणून सिस्टरने खुशीत शिक्का मारला. मास्तर ते कार्ड घेऊन तीन नंबरवर गेले.

"अभिनंदन, मास्तर," कंपाउंडर म्हणाला. "गोळ्या बंद."

"अहो, गोळ्या घेते म्हणून तर दाब ठीक आहे."

"ठीक आहे ना? मग गोळ्या कशाला?"

"नाही घेतल्या तर वाढेल!"

"वाढला की या. खिडकी आपलीच आहे."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. कंपाउंडर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे बघितलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच म्हणाला, "पट्टा बांधायच्या आधी काकूंना जरा राग आणता येतो का बघा. आत्ताच पुन्हा लाइनीत लागा."

चाळीस वर्षांच्या संसारात ही विद्या कोणत्या नवऱ्याला येत नाही? मास्तर बायकोशेजारी बाकावर येऊन बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या भावाने माझी मोठी कात्री नेली, ती काही परत आली नाही."

"आज कुठे आठवली ती?"

"आठवायला काय झालं! एकवीस वर्षं रोज आठवतेय. असल्या घरातली मुलगी केली, आणखी काय होणार!"

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. दाब भरला एकशे अडुसष्ट, आणि महिन्याच्या गोळ्या हातात पडल्या.

घरी जाताना तिने विचारलं, "ते गोळ्यांसाठीच बोललात ना?"

"हो गं बाई."

"सगळं?"

"कात्रीचं सोडून."

तिसऱ्या महिन्यापर्यंत कात्रीची धार गेली. कात्री म्हटलं की ती पदर तोंडाला लावून खुदखुदायची आणि दाब एकशे छत्तिसावर यायचा. मास्तरांनी तिच्या माहेरच्या एकेका माणसाचा उद्धार करून बघितला. ती सगळ्यांची चेष्टा सहन करू लागली. शेवटी नाइलाज झाला, तेव्हा ते म्हणाले, "तुझे काज हल्ली वाकडे येतात. गिऱ्हाइकं तक्रार करतात."

दाब भरला एकशे चौऱ्याऐंशी. नंतर दोन दिवस ती मास्तरांशी बोलली नाही. तिच्यासारखे काज त्या गावात कोणाचेच नव्हते, आणि हे मास्तरांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण गोळ्या मिळत होत्या. म्हणून दर महिन्याला ते तेच बोलत राहिले आणि दर महिन्याला त्यांना ते बोलणं जड जात राहिलं.

असली युक्ती कुठे लपून राहते होय? दोन महिन्यांत दवाखान्याच्या व्हरांड्यात खडाजंगी सुरू झाली. सासवा सुनांना मुद्दाम बरोबर आणू लागल्या. भाऊ भावांना वडिलोपार्जित जमिनीचे कागद दाखवू लागले. एका विधुर हेडमास्तरांना भांडायला घरात कोणीच नव्हतं. त्यांच्यावर शिंपीमास्तरांची बायको दर महिन्याला पाच मिनिटं तोंडसुख घ्यायची आणि वर त्यांना पाणी द्यायची. आरडाओरडा खात्याच्या कानावर गेला. खात्याने त्याची गंभीर दखल घेऊन परिपत्रक काढलं : 'तपासणीपूर्व वादासाठी बाक क्रमांक चार ते सात राखीव. वाद दहा मिनिटांत आटोपावा. हातघाईवर येऊ नये.'

वर्ष संपलं आणि मोठे साहेब फाइल घेऊन आले. सगळ्या रुग्णांना व्हरांड्यात बसवलं.

"वर्षभर तुम्हाला गोळ्या दिल्या," साहेब दुःखी आवाजात म्हणाले, "आणि इथे एकाचाही दाब दीडशेच्या खाली नाही. याचा अर्थ गोळीला गुण नाही. निरुपयोगी औषध गरिबाच्या गळी उतरवणं खात्याच्या तत्त्वात बसत नाही. गोळी बंद!"

मास्तर उठून उभे राहिले. "साहेब, गोळीला गुण आहे. दाब खोटा आहे. आम्ही मुद्दाम चढवतो."

"म्हणजे तुमचा दाब दीडशेच्या खाली असतो?"

"हो, साहेब!"

"मग तुम्ही गरजूच नाही," साहेब म्हणाले. "बसा."

मास्तर बसले.

वाचलेला निधी अर्थातच सुलभतेवर खर्च झाला. तीन नंबरची खिडकी मोठी झाली. व्हीलचेअरवरच्या माणसालाही हात घालता यावा म्हणून कठडा खाली घेतला. चढण बांधली, पंखे लावले, आणि खिडकी चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस उघडी राहील असं ठरलं. उद्घाटनाला सर्वांत जुनी लाभार्थी हवी होती, म्हणून शिंपीमास्तरांच्या बायकोला बोलावणं आलं. गोळ्या बंद होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते.

साहेबांनी तिच्या उजव्या हातात कात्री दिली. डाव्या हाताने तिने फीत धरली. फीत निसटली. तिने ती पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मग तिने मास्तरांकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला गेली, पण शब्द निघाला नाही.

"भारावून गेल्या आहेत," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

मास्तरांनी तिला धरून सिस्टरपाशी नेलं. दोनशे दहा. सकाळपासून दोघांमध्ये एकही वाकडा शब्द झाला नव्हता. सिस्टरने कार्डावर 'गरजू' असा शिक्का मारला आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन करायला धावली. मास्तरांनी ते कार्ड नव्या कठड्यावर ठेवलं. कंपाउंडरने ते बघितलं, मागच्या रिकाम्या कपाटाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मास्तर बायकोशेजारी चार नंबरच्या बाकावर बसले. तिचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "तुझे काज कधीच वाकडे नव्हते," ते म्हणाले. "ऐकतेस ना? एकही नाही." ती त्यांच्याकडे बघत राहिली. ऐकू गेलं की नाही, ते तिला सांगता आलं नाही.

ही हकिगत वाचताना मध्ये कुठे तुम्हाला हसू आलं असेल, तर तुमचा दाब उतरला. तुमच्या कार्डावर कुठला शिक्का बसेल ते वेगळं सांगायला नको. आणि आता संताप आला असेल, तर फारच छान. दीडशेच्या वर जाईपर्यंत तो तसाच धरून ठेवा आणि या. खिडकी नवी आहे, चोवीस तास उघडी आहे, आणि रांग अजिबात नाही.