परबांची मॅक्रो झूम

वसंत परब जिन्यात भेटले की आधी तुमच्या सदऱ्याकडे बघत, चेहऱ्याकडे नंतर. त्यांच्या खिशातून पितळेचं घडीचं भिंग निघे. तुम्ही एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर ठेवून उभे असताना ते भिंग तुमच्या बाहीवर टेकवलं जाई. परब तोंडातल्या तोंडात आकडे मोजत. मग निकाल लागे.

"उभे ब्याण्णव, आडवे अडुसष्ट. काय सांगून विकलं तुला?"

कापड घेताना एका इंचात किती धागे हे कुणी विचारत नाही, मीही विचारलेलं नसे.

"फसवलं," एवढं बोलून परब वर निघून जात. ऑफिसला निघालेला माणूस दिवसभर आपल्या बाहीकडे बघत बसे.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत. मी पहिल्या मजल्यावर, परब दुसऱ्या. घाटकोपरच्या एका कापड कंपनीच्या गोदामात ते तपासनीस होते. आलेल्या ताग्यातले धागे मोजायचे, तुटलेला धागा शोधायचा, डाग असेल तिथं खडूने गोल करायचा, असं त्यांचं काम. अठरा वर्षं ते हेच करत होते आणि त्याचा त्यांना अतोनात अभिमान होता. "लोक कापड नेसतात," ते म्हणत, "बघत कुणी नाही."

हीच नजर त्यांनी कॅमेऱ्याला लावली. त्यांच्याकडे एक जुना, वजनदार कॅमेरा होता. त्याच्या लेन्सवर काचेची चकती बसवून ते जवळचे फोटो काढत. जवळचे म्हणजे मुंगी, कोळी, लिंबाच्या पानावरची अंडी, निवडुंगाचा एक काटा. माणसाचा पूर्ण फोटो काढणं त्यांना फुकट फिल्म घालवण्यासारखं वाटे. एकदा इमारतीच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला. दुरुस्तीवाल्याला दाखवायला फोटो हवा, म्हणून सेक्रेटरी देसाई यांनी परबांना गच्चीवर पाठवलं. चार दिवसांनी फोटो आला. तड्यात बसलेला एक कोळी, आठही डोळे स्वच्छ.

"अहो परब, गळती कुठंय?"

"आहे ना मागं. जरा अंधूक झाली."

माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही ही चूक पुन्हा केली. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये नवरा-नवरी एकत्र कुठंच नव्हती. मुंडावळ्यांतला एक मोती होता, होमाची एक ठिणगी होती आणि नवरदेवाच्या मिशीत अडकलेली एक अक्षता होती. वडील आठ दिवस परबांशी बोलले नाहीत. पण बहिणीने तो अक्षतेचा फोटो मागून नेला आणि तोच तिच्या दिवाणखान्यात लागला. हे मी परबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लागणारच. शार्प होता."

परबवहिनींचं दुःख जुनं होतं. "सतरा वर्षं झाली लग्नाला," त्या मला म्हणाल्या, "माझा एक फोटो नाही घरात. माझ्या कानातल्या कुडीचा आहे. तीही एकाच कानातली."

या परबांना नवीन लेन्स घ्यायची होती, आणि त्यांच्या लेखी ते सोयरीक जमवण्याइतकं गंभीर काम होतं. दोन वर्षं ते लेन्स बघत होते. प्रश्न एवढाच होता की जवळच्या फोटोंसाठी खास बनवलेली एकाच अंतराची मॅक्रो लेन्स घ्यायची, की लांबचं जवळ आणणारी आणि वर जवळचेही फोटो काढते असं सांगणारी मॅक्रो झूम. माझ्यासारख्याला दोन्ही नळकांडीच. परबांना दोन्हींची कुंडली पाठ होती.

पारख करण्याची त्यांची पद्धत गोदामातली होती. शनिवारी अर्धा दिवस संपला की ते फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जात. बरोबर पिशवीत पांढऱ्या कापडाचा एक तुकडा आणि चार टाचण्या. कापड दुकानाच्या दाराला लावायचं, दुकानदाराची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवायची आणि फोटो काढायचा. पहिल्या दिवशी दुकानदाराचा गैरसमज झाला.

"साहेब, कपडा बेचना है तो मंगलदास मार्केट जाओ ना," तो म्हणाला.

फोटो धुऊन आले की परब त्यावर भिंग ठेवून धागे मोजत. पुढच्या शनिवारी फोटो घेऊन पुन्हा दुकानात.

"मधे बहात्तर दिसतात. कोपऱ्यात साठ. माझे बारा धागे कुठं गेले?"

"कौनसे धागे, साहेब?"

"तुमच्या लेन्सने खाल्लेले."

अशा सात लेन्स त्यांनी नापास केल्या. त्यातल्या पाच मॅक्रो झूम होत्या. या जातीवर त्यांचा विशेष राग. "वर मॅक्रो लिहिलंय ते रंगाचं काम," ते म्हणत. "खरी मॅक्रो लेन्स मुंगी मुंगीएवढी उतरवते. ही चौथाई उतरवते. चौथाई मुंगी घेऊन मी काय करू?" पार्ल्याला एक फोटोग्राफी मंडळ होतं, तिथं महिन्याच्या बैठकीत परबांनी यावर पाऊण तास भाषण केलं. मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एरवी कुणालाही मधेच तोडत. परबांना त्यांनी पूर्ण बोलू दिलं आणि शेवटी टाळी वाजवली. ते परबांनी मला तीनदा सांगितलं.

"मग घेऊन टाका ना खरी मॅक्रो," मी म्हणालो.

"घाई कुणाला आहे? मुंगीला नाही, मला नाही."

घाई मस्कतहून आली. परबांचा चुलतभाऊ दिगंबर तिथं नोकरीला होता आणि दोन वर्षांनी एकदा घरी येई. त्याचं पत्र आलं. तो येतोय, सगळ्यांच्या वस्तू मिळून एकच बॅग आहे, वसंताची एकच लेन्स आणीन, नाव आठ दिवसांत कळव. पुन्हा संधी दोन वर्षांनी.

ते आठ दिवस इमारतीने नीट अनुभवले. परब जिन्यात कुणाचा सदरा बघेनात. देसायांनी नवीन टेरिकॉटचा सदरा घालून त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या, भिंग निघालं नाही. वहिनी म्हणाल्या, रात्री जेवणात लक्ष नसतं, आमटीत भात घालायचा सोडून पाण्यात घातला. आठव्या दिवशी सकाळी परब माझ्याकडे आले. इंग्रजीत पत्ता लिहायला माझं अक्षर त्यांना बरं वाटे. आंतरदेशीय नव्हे, परदेशी पत्राचा निळा कागद होता. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. मी वाचला आणि पुन्हा वाचला.

"परब, तुम्ही झूम मागवताय."

"हो."

"मॅक्रो झूम. चौथाईवाली."

"वाचता येतंय ना तुला? मग पत्ता घाल."

"जोगळेकर काय म्हणतील?"

"जोगळेकर म्हणतील, परबाची वाट लागली. म्हणू दे."

मी पत्ता घातला. परब उठले नाहीत. मग त्यांनी माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं आणि पेन्सिलीने एका कोपऱ्यात चौकोन काढला.

"चौथाई म्हणजे फोटोत एवढं मावतं. रुंदी साडेपाच इंच, उंची पावणेचार. आणि तीन फुटांवरून." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात त्या चौकोनावर जोडून ठेवले. बोटं बरोबर बसली. "मुंगीसाठी नाहीये ती. आबांसाठी आहे."

आबा म्हणजे परबांचे वडील, रावजी परब. मूळचे मालवणकडचे. एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्यांनी चौतीस वर्षं माग चालवले. संपानंतर ती गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. लालबागची खोली सोडून ते मुलाकडे राहायला आले. ते फारसं बोलत नसत. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत खुर्चीवर बसत, रस्त्याकडे तोंड करून.

त्यांच्या हातांना कंप आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बसल्या बसल्या बोटं एकदम हलत, थांबत, पुन्हा हलत. वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. तेव्हापासून कुणी जवळ गेलं की आबा हात पंच्याखाली घेत.

"कंप नाही तो," परब म्हणाले. "मी मोजलंय. दर वेळी तेच होतं. डावा अंगठा वर, उजवं बोट खालून, एक वेढा, ओढ. तुटलेला धागा जोडायची गाठ आहे ती. माग चालू असताना मारतात. सेकंदसुद्धा लागत नाही. आबा रस्त्याकडे बघत बसतात आणि हात माग चालवतात."

"घरात सांगितलंत?"

"सांगितलं. ही म्हणते, तुम्हाला सगळीकडे धागेच दिसतात."

त्यांनी वर्षभर प्रयत्न केले होते. चकती लावून फोटो काढायचा तर कॅमेरा हातापासून वीतभर न्यावा लागे. खरी मॅक्रो लेन्स आली असती तरी तेच. कॅमेरा जवळ गेला की आबा म्हणत, "काय बघतंस रे मेल्या?" आणि हात पंच्याखाली. आणि आता ती गाठ कमी होत चालली होती. आधी दिवसात पन्नास वेळा, आता दहा-बारा. कधी कधी तेवढीही नाही.

"दोन वर्षांनी काहीच नसेल," परब म्हणाले. "एक फोटो पाहिजे. म्हातारा आजारी नाही, कामावर आहे, हे दिसेल असा एक."

पत्र गेलं. लेन्सही आली. दिगंबरने ती मोज्यात गुंडाळून आणली होती. परबांनी कापडाचा तुकडा दाराला लावून तिची परीक्षा घेतली आणि ती नापास झाली. कोपऱ्यातले चौदा धागे गेले. पार्ल्याच्या बैठकीत जोगळेकरांनी लेन्स हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "ते भाषण करणारे परब तुम्हीच ना?" सभा हसली. परबांनी कारण सांगितलं नाही. "चुकलो, सर," म्हणाले आणि लेन्स पिशवीत ठेवली.

मग पंधरा दिवस ते सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास स्वयंपाकघराच्या दारात उभे असत. कॅमेरा स्टॅण्डवर, स्टॅण्डवर वहिनींचं जुनं लुगडं टाकलेलं, म्हणजे वाळत घातल्यासारखं दिसावं. तिथून गॅलरीतली खुर्ची तीन फुटांवर, जरा तिरकी. वहिनींना पोळ्या लाटायला जागा उरली नाही. त्या आमच्याकडे येऊन लाटत. "विचारू नका," म्हणत, "घरात शिकार चाललीय."

पहिले दोन रोल वाया गेले. बोटं चपळ, फोटोत नुसता धूर दिसे. तिसऱ्या रोलमधला एक फोटो लागला.

रविवारी सकाळी परबांनी मला वर बोलावलं. फोटो मोठा करून आणला होता. दोन हात. नखं जाड, शिरा वर आलेल्या. डावा अंगठा वर, उजवं बोट खालून वळलेलं, ओढ घेतलेली. बोटांमध्ये धागा नव्हता, पण कुठं आहे ते दिसत होतं. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी शेल्फवरची आबांच्या गोळ्यांची बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आबांना दाखवलात?" मी विचारलं.

परबांनी मान हलवली. नाही. सात लेन्स नापास करणारा माणूस हातात फोटो घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर थांबला होता. शेवटी वहिनींनी तो घेतला आणि आबांच्या मांडीवर ठेवला.

आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"हे माझे हात," ते म्हणाले.

"हो, आबा."

"गाठ मारतंय."

"हो."

"ही माझीच गाठ. डावो आंगठो वर आसा, बघ. आमच्या साच्यार दुसऱ्या कोणाचो वर नसायचो. खात्यातलो जॉबर, आमचो मुकादम, नुसती गाठ बघून सांगायचो, रावजीन मारली म्हणान." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "खंयसून काढलंस?"

परबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. लुगडं अजून स्टॅण्डवर होतं. आबांनी ते पाहिलं. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून परब मान खाली घालून उभे राहिले.

"रिकाम्या हातांचो फोटो काढलंस," आबा म्हणाले. "लोक काय म्हणतले? धागो तरी मागूचो होतो माझ्याकडसून. जा, धागो घेवन ये. सुती हाड, नायलॉन नको."

ते स्वतः उठले, खुर्ची रस्त्याकडून फिरवून उजेडाकडे केली आणि बसले. पंचा काढून कठड्यावर टाकला.

त्या घरात सुती धाग्याची रिळं दाराजवळच्या शेल्फवर असत, सात-आठ तरी. परब शेल्फसमोरून तसेच पुढे गेले, मोरीत शिरले आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू राहिला. वहिनी मोरीच्या दाराकडे गेल्या आणि न वाजवता परत आल्या.

रीळ मीच नेऊन दिलं. आबांनी धागा दातांनी तोडला, दोन टोकं चिमटीत धरली आणि दोन्ही हात उजेडात पुढे करून, न हलता, मुलाची वाट बघत बसले.