गव्हाणे सरांच्या लांबलचक फाईली

आमच्या कंपनीत एका फाईलचं नाव होतं, 'त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींना प्रसूती विभागात पाठवू नये'. दुसरीचं, 'दोन महिन्यांच्या बाळाला तंबाखू खातो का विचारू नये'. तिसरीचं, 'वय असेल साठ-सत्तर म्हणणाऱ्याला अडवू नये'. नावं इंग्रजी अक्षरांत, शब्दांच्या मध्ये रेघा आणि शेवटी न चुकता 'टेस्ट'. ही सगळी अपत्यं रामदास गव्हाणे सरांची.

आम्ही इंदिरानगरात एका फर्निचरच्या दुकानावर बसून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. केसपेपर, नंबर पुकारणं, औषधांची चिठ्ठी, सगळं त्यातून चालतं. टेस्ट म्हणजे या सॉफ्टवेअरची रोजची तोंडी परीक्षा. एकदा झालेली चूक पुन्हा होत नाही ना, हे एकेक फाईल तपासते. अशा फाईली आमच्याकडे शेकडो, आणि निम्म्याहून जास्त सरांच्या हातच्या.

चूक ज्याला भोवली तो माणूस नावात हवाच, हा सरांचा हट्ट. "मॅडम, 'एरर बारा' म्हटलं तर कोणाला काय वाटतं? काही नाय. गुरुजी म्हटलं की लाज वाटती." गुरुजींना खरंच प्रसूती विभागाचा नंबर मिळाला होता. बिचारे उपरणं सावरत तासभर त्या बाकावर बसले होते म्हणे. पुढच्या रविवारी सर स्कूटर काढून त्र्यंबकेश्वरला गेले, त्यांची माफी मागितली आणि त्यांच्याकडेच जेवून आले. सोमवारी फाईलचं बारसं झालं.

सगळ्या टेस्ट पास झाल्या की पडद्यावर हिरवं दिसतं. हिरवं दिसलं की आम्ही चहाला पळायचो. सर मात्र मान वाकडी करून विचारायचे, "हिरवं ऱ्हाऊ द्या. धावल्या किती?" मग तो आकडा टेबलावरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचे. आम्ही त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो. माझी जरा जास्तच चांगली जमायची.

मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आणि हुद्द्याने वर. हा योग वाईटच. मला शिस्त हवी होती. ज्या प्रोग्रॅमची टेस्ट, त्याच्या शेजारी तिची फाईल आणि नावही त्याचंच. नवीन माणूस कामावर आला तर त्याने गुरुजींना कुठे शोधायचं? माझं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण सर भाचीच्या लग्नाला चार दिवस गेले असताना मी ते उरकलं, हे चूकच. समोर असते तर वाद झाला असता, आणि तो मला नको होता.

परत आल्यावर सर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. "गुरुजी कुठं गेले?"

"अपॉइंटमेंट टेस्ट तीन."

ते कसनुसं हसले. मग आकडा पाहिला, कॅलेंडर पाहिलं. "मॅडम, शंभरेक कमी धावल्यात."

"दुबार होत्या त्या काढल्या, सर." काढल्या होत्या, पण चार-पाच. बाकीचं मी न बघताच ठोकून दिलं. वर मीच म्हणाले, "आता रोज काय आकडे मोजत बसायचं?"

सर हुद्द्याचा मान ठेवणारे. त्या दिवसापासून त्यांनी कॅलेंडरवर लिहिणं बंद केलं.

झालं होतं असं. एकाच प्रोग्रॅमच्या अनेक टेस्ट असल्या की मी नावाच्या शेवटी आकडा लावला होता. आणि आमच्याकडे 'टेस्ट' या शब्दावर संपणाऱ्या फाईलीच आपोआप चालतात. आकड्यावर संपलेल्या कोणी उचललेल्याच नाहीत. जी परीक्षेलाच बसली नाही ती नापास कशी होणार? रोज सगळं हिरवंगार.

महिन्याभरात कोणीतरी नंबर पुकारण्याच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला आणि एक जुनी चूक परत आली. एका दवाखान्यात एकाच नावाच्या दोन बायका एकाच दिवशी आल्या. पहिलीला पुकारल्याबरोबर दुसरीचाही नंबर झाला, असं सॉफ्टवेअरने धरलं. दुसरी दिवसभर बसून राहिली. तिच्या मुलाने दवाखाना डोक्यावर घेतला.

कारण मला त्यावरच्या मीटिंगच्या आधीच सापडलं होतं. साहेबांनी विचारलं, "याची टेस्ट होती ना आपल्याकडे?" मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात सर म्हणाले, "टेस्टचं काम माझ्याकडं हाय, साहेब. माझ्याकडनं ऱ्हायलं." साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. मी वहीत रेघोट्या मारत बसले.

दुपारी त्यांच्या टेबलाशी गेले. ते मी दिलेलीच नावं कायम ठेवून फक्त आकडा 'टेस्ट'च्या आधी घेत होते, एकेक करून. "शिस्त बरोबर हाय तुमची," म्हणाले. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुन्या नोंदीत त्या न धावलेल्या 'टोकन टेस्ट सात'चं मूळ नाव मी पाहिलं होतं: 'घोटीच्या सुमनबाईंना पुन्हा दिवसभर बसवू नये'. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "या सुमनबाई कोण, सर?"

"आई."

त्यांचे हात चालूच होते. "सकाळी नवाला बसली, ते शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा उठली. तशीच बिनऔषधाची एसटीनं घोटीला गेली. म्हटलं, अगं, खिडकीवर विचारायचं तरी! तर म्हणे, तू केलेलं मशीन हाय ना रे. मला वाटलं, पुकारंल."

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "गव्हाणेंची एक चूक सोडली, तर डाग नाही." सगळे हसले, सरही हसले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी टाळ्या वाजवल्या.