नवरदेवांची भजी

कुकडे काका भोपळ्याच्या फुलांची लग्नं लावतात. थट्टा नाही. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीमागे भाजीपाल्यासाठी जमिनीचे पट्टे वाटून दिलेत, त्यातला त्यांचा पट्टा माझ्या शेजारी. एप्रिलमध्ये सकाळी सहाला ते नर फूल खुडतात, पाकळ्या सोलतात आणि मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवतात. मधमाश्यांवर त्यांचा भरवसा नाही. "त्या कोणालाही कोणाच्याही गळ्यात बांधतात!"

काका निवृत्त, अविवाहित. एके काळी इथल्या मराठी घरांतली लग्नं तेच जमवायचे. पुढे अचानक सोडलं. भाषा तेवढी राहिली. बुडाशी चिमुकला भोपळा असलेली कळी म्हणजे मुलगी. ती उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिला दोरा बांधायचा, मधमाशी शिरू नये म्हणून. "मुलगी तयार आहे, स्थळ पाहून राहिलो," असं मला सांगायचे. स्थळ नेहमी दुसऱ्या वेलावरचं. सगोत्र चालत नाही.

यंदा लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, लवकर सुटली. काकांच्या एका वेलाला जेमतेम एक मुलगी झाली. दुसरा वेल कुंपणावरून माझ्या वांग्यांत उतरला होता, त्याला नुसते मुलगेच.

आता माझा गुन्हा सांगतो. ती मुलगी उमलायची होती त्याच दिवशी बायकोने भज्यांसाठी फुलं मागितली होती. मी काकांच्या आधी पोचलो आणि माझ्या बाजूची सगळी फुलं खुडली, न विचारता. यांना कुठे फळ धरतं, असं मनाला समजावलं.

काका आले. कुंपणावरून वाकून पाहिलं.

"अरे सुधीर, मुलगे कुठे गेले?"

मी वांगी तोडत राहिलो. "काका, तिच्याच वेलावर चार आहेत की."

"सख्खे भाऊ आहेत ते! काहून असं बोलून राहिला?"

फूल एकाच सकाळचं; मुलीचा दोरा सुटलाच नाही. काही दिवसांत चिमुकला भोपळा पिवळा पडून गळला. तेव्हा मी कबूल केलं. काकांनी गळलेला भोपळा उचलून तळहातावर ठेवला.

"भजी कुरकुरीत तरी झाली होती?"

"हो."

"अच्छा." मग हळूच म्हणाले, "तो भोपळा सुनंदाचा होता."

सुनंदा गोहलपुरात शिलाईचं दुकान चालवते. तिचं लग्न काकांनीच जमवलं होतं. मुलाची नीट चौकशी केली नाही आणि वर्षाच्या आत ती माहेरी परतली. ते शेवटचं लग्न. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पहिला भोपळा तिच्या दारात ठेवून काका तसेच परततात.

"यंदा काय तोंड घेऊन जाऊ?"

मी बाजारातून भोपळा आणला. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि परत दिला. "याचे आईबाप कोण?"

शेवटी मी त्यांना स्कूटरवर बसवून रिकाम्या हातानेच नेलं. चूक माझी आहे, तिला मीच सांगेन, असं वाटेत घोकत होतो.

सुनंदाने मशीन थांबवली. तिचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "काका, आज भोपळा नाही? चलो, सुटले! दर वर्षी ठेवून पळता. एकटी बाई एवढा भोपळा कसा संपवत असेल, विचारलं कधी? अर्धी गल्ली जेवते त्यावर."

काका दारातच उभे. "मी... तुझ्यासमोर बसायला..."

"माहीत आहे मला. दूध उतू जाऊन राहिलं, आत या."

काकांनी एका हाताने चौकट धरली आणि चपला काढल्या.