मोर जीवनावश्यक नाहीत

एवागोरस सायप्रसची राजधानी निकोसियाच्या अर्थमंत्रालयात होता आणि कॉफीला बसला की हमखास सांगायचा, "आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत नाव आलं ना, की माझ्या सहीशिवाय त्या माणसाच्या विजेचं बिलसुद्धा भरलं जात नाही." आणि ते खरं होतं. अशांची खाती गोठवलेली असत. जीवनावश्यक खर्चासाठी बँकेनं परवानगी मागायची आणि एवागोरसनं नाक मुरडायचं.

वसंतात लिमासोलच्या बँकेतून पांतेलित्साबाईंचा फोन आला. यादीतल्या एका परदेशी धनाढ्याचा डोंगरावर बंगला होता. मालक केव्हाच निघून गेलेला. मागे उरले होते माळी आणि मोर-लांडोरींचा कळप.

"साहेब, दाण्यापुरते पैसे सोडू द्या."

"मोर जीवनावश्यक नाहीत, बाई."

"मोरांना विचारलंत का?"

एवागोरसनं नकार कळवला. दाणे संपले तसं माळ्यानं फाटक उघडून दिलं आणि कळप उतारावरून खालच्या गावात शिरला. ते गाव नेमकं एवागोरसच्या आईचं.

रविवारी तो आईकडे जेवायला गेला. तिनं अंडी घालून झुकिनीची, कोवळ्या दुधीसारखी लागणारी भाजी परतली होती, त्याच्या लहानपणापासूनची आवडती. त्यानं पावानं ताटली पुसून घेतली.

"आज चव काही औरच आहे गं."

"अंडी केवढाली होती! लिंबाच्या झाडाखाली सापडली."

तेवढ्यात छपरावर कुणीतरी गळा काढला. एवागोरस बाहेर धावला. छपरावर मोर, गाडीच्या टपावर मोर, आणि मागोमाग आलेली आई निवांतपणे पाव कुस्करून टाकत होती.

"उपाशी होते रे बिचारे. कुणा मेल्यानं दाणे बंद केलेत म्हणे."

"आई, थांब. यांना खायला घालणं गुन्हा आहे. ही गोठवलेली मालमत्ता आहे. अंडीसुद्धा."

"गोठवलेली कसली? चांगली ताजी होती."

आईवर खटला आणि आपली गेलेली नोकरी, दोन्ही एवागोरसच्या डोळ्यांपुढे नाचू लागली. त्यानं पांतेलित्साबाईंना फोन लावला.

"बाई, आईनं लांडोरीची अंडी रांधली आणि मी मालमत्ता खाल्ली."

बाई बँकेच्या आवाजात म्हणाल्या, "मालमत्तेत घट झाली की देखरेख अधिकाऱ्याला कळवायचं असतं, साहेब."

"तो मीच आहे."

"मग तुम्हाला कळलं म्हणायचं." आणि हसू दाबत त्या हळूच म्हणाल्या, "खरं ते लिहून वरिष्ठांना द्या. आईंची काळजी करू नका."

सोमवारी त्यानं सगळं लिहून काढलं, आपला नकार चुकला हेही, आणि संचालिका देस्पूलाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. दाण्यांच्या परवानगीवर सही केली, आईंना समज देण्याची गरज नाही असा शेरा मारला, उठून दार लावलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"डब्यात त्या भाजीतलं थोडंफार आणलंयस का?"